तारापूरची वीज

श्रोतेहो, सातपुड्यातल्या काठी गावची होळी आपण ऐकून आहात. उंच बांबू उभा करायचा, रात्रभर ढोल घुमवायचा नि पहाटे होळी पेटवायची. आज ज्या अग्नीची हकीकत सांगायची, त्याला ना लाकूड लागते, ना कोळसा; आणि धूरही नाही.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम भारतात गिरण्या-कारखाने वाढले, विजेची मागणी वाढली. कोळशाच्या मोठ्या खाणी मात्र दूर बंगाल-बिहारकडे. मालगाडीने कोळसा आणायचा, तर भाड्यातच पैसा जाणार! डॉ. होमी भाभांचा हिशेब साधा होता: कोळसा जिथून लांब, तिथे अणुवीज परवडेल. १९५६ साली तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली होती. पण ती संशोधनापुरती. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला आणि तारापूरच्या समुद्रकाठी दोन भट्ट्या उभ्या राहिल्या. १९६९ च्या ऑक्टोबरात तिथली वीज रीतसर मिळू लागली. ती पाहायला भाभा नव्हते. १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात ते गेले.

आता तुम्ही विचाराल, भट्टीत होते काय? युरेनियमचा अणू फुटतो, त्यातून उष्णता निघते, पाण्याची वाफ होते; वाफेने चाक फिरते नि चाकाने जनित्र. हंडा जुनाच, चूल तेवढी नवी. मात्र या चुलीतले वापरलेले इंधन बाहेर टाकता येत नाही. ते वर्षानुवर्षे पाण्याखाली सांभाळावे लागते.

इंधन अमेरिकेचे होते, आणि तिथेच अडले. १९७४ साली पोखरणला अणुस्फोट झाला. त्यानंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. पुढे फ्रान्सकडून इंधन आले, पण परक्याच्या सरपणावर चूल पेटवण्यातली अडचण कळून चुकली. म्हणून तारापूरच्याच पुढच्या दोन भट्ट्या देशी बनावटीच्या झाल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. गंमत अशी की, चौथी आधी, २००५ साली सुरू झाली. तिसरी २००६ साली.

या भट्ट्यांपायी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. काठीच्या अक्कलकुवा तालुक्याला हे दुःख सांगायला नको. सरदार सरोवराच्या पाण्यात नर्मदाकाठचे मणिबेली गेले. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. पण डोंगरातल्या कितीतरी पाड्यांवर त्यानंतरही वर्षानुवर्षे चिमणीच मिणमिणत राहिली.

इतके करूनही आज देशाच्या एकूण विजेत अणूचा हिस्सा जेमतेम ३ टक्के आहे. बाकीचा मोठा भार अजून कोळशावरच.