सिमला ऑफिसातली मापं

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात.

इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचा अभ्यास करून अ‍ॅना मणी १९४८ साली पुण्यात रुजू झाल्या. साधी उपकरणंही तेव्हा परदेशातून येत. मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे करवून घेतले. पर्जन्यमापक जरा कलला, तापमापीवर थेट ऊन पडलं, की नोंद बिघडलीच. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी, यावर त्या ठाम होत्या, आणि ते अगदी रास्त होतं.

१९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभारली. देशभरातल्या उन्हाच्या नोंदींचं त्यांचं माहितीपुस्तक १९८० मध्ये निघालं.