गोदीत गेलेले 66 जवान

दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या सैनिकाच्या थडग्याला वाली आहे. 1917 साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग या थडग्यांची कायम निगा राखतो. पुण्याजवळच्या खडकी युद्धस्मशानात एका मापाच्या शिळा आणि कापलेली हिरवळ दिसते ती त्याच व्यवस्थेमुळे. त्याच युद्धात आगी विझवताना मेलेले जवान मात्र नागरी सेवेतले मानले गेले. ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या काळात असे सुमारे हजार स्त्री-पुरुष मेले. त्यांतले कित्येकजण गावोगावच्या दफनभूमींत घरच्यांच्या भरवशावर राहिले. घरची माणसे पांगली की शिळा कलते, अक्षरे झिजतात, झुडपे माजतात. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळ त्यांचे स्मारक उभे राहिले ते थेट 1991 साली.

महाराष्ट्रातली या जातीची सर्वांत मोठी घटना 14 एप्रिल 1944 ची, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतली. ‘फोर्ट स्टिकीन’ हे 7,142 टनांचे मालवाहू जहाज बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईत लागले होते. त्यावर सुमारे 1,400 टन दारूगोळा होता, लढाऊ विमाने होती, सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यात कापसाचे हजारो गठ्ठे आणि वंगणतेलाची पिंपे चढवली गेली. दोन नंबरच्या फाळक्यात खाली कापूस आणि वर स्फोटके अशी रचना झाली. युद्धकाळाची घाई मान्य केली तरी या रचनेला बेपर्वाई हाच शब्द लागू पडतो.

दुपारी दोनच्या सुमारास त्या फाळक्यातून धूर दिसला. प्रथम थोडेच बंब आले, स्फोटकांची कल्पना आल्यावर जादा कुमक मागवली गेली. 900 टनांहून अधिक पाणी ओतूनही आगीचे मूळ सापडेना. जहाजाच्या बाजूचा पत्रा मात्र तापत चालला. जहाज गोदीतच बुडवावे अशी सूचना आली, पण तिथे पाणी पुरेसे खोल नव्हते. चारला दहा मिनिटे कमी असताना जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर या स्फोटांची नोंद झाली. मृतांचे आकडे 800 पासून 1,300 पर्यंत दिले जातात. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले. दलप्रमुख नॉर्मन कूम्ब्स जखमी होऊन वाचले.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारा उपसायला सुमारे 8,000 माणसांना सात महिने. बातमी मात्र सेन्सॉरने अडवली. मुंबईबाहेर ती सविस्तर पोचली मे महिन्यात. जे घडले ते वेळीच छापले गेले नाही, त्यामुळे आगीशी झुंजणाऱ्यांची नावेही लोकांच्या तोंडी बसली नाहीत. सोन्याच्या विटा नंतर कित्येक वर्षे गाळात सापडत राहिल्या, आणि सांगणाऱ्यांचे लक्ष जवानांपेक्षा त्या विटांकडेच अधिक गेले.

या 66 जणांची थडगी शोधत फिरण्यात फारसा अर्थ नाही. स्फोटात अनेक देह ओळखण्यापलीकडे गेले होते, शिवाय हिंदूंमध्ये दहनाची रीत. त्यामुळे समाधीचे काम भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयातल्या स्मारकाला करावे लागते. दरवर्षी 14 एप्रिलला तिथे मानवंदना होते. देशभर हाच दिवस अग्निशमन सेवा दिन असून 20 तारखेपर्यंत सप्ताह चालतो. महाराष्ट्रात ही तारीख आंबेडकर जयंतीची. छत्रपती संभाजीनगरपासून मुंबईच्या दादरपर्यंत त्या दिवशी जयंतीची गर्दी असते आणि अग्निशमन दलाला बंदोबस्तही सांभाळावा लागतो. आपल्याच मृतांना आठवायला दलाला सवड कमी मिळते.

आठवण टिकवायची तर स्मारकही नीट जपायला हवे, पण जुन्या स्मारकशिळेची दुरुस्ती चांगल्या हेतूनेच सर्वाधिक बिघडते. तेलरंगाचा हात मारला की दगडाचा श्वास कोंडतो आणि पापुद्रे सुटतात. आम्लाने संगमरवर खाल्ला जातो, तारेचा ब्रश अक्षरांच्या कडा नेतो. चुन्यातल्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरले तर ओल बाहेर पडायला वाट न मिळाल्याने दगडच फुटू लागतो. म्हणून आधी लेखाची छायाचित्रे आणि नक्कल घ्यावी, मग साधे पाणी आणि मऊ ब्रश वापरावा, सांधे चुन्यानेच भरावेत. पुसट अक्षरे अंदाजाने कोरू नयेत. जवळ वेगळी पाटी लावावी.

अशा पाटीसाठी दगडापेक्षा कागद महत्त्वाचा. गोदीत गेलेल्या जवानांच्या वारसांकडे नेमणूकपत्र, निवृत्तिवेतनाचा कागद किंवा गणवेशातला फोटो असेल, तर त्याची प्रत त्यांनी भायखळ्याच्या मुख्यालयात जरूर द्यावी.