कचऱ्याची गाडी आणि जमिनीचा भाव

कुर्ल्याहून चेंबूरला आपण हार्बर लाइनने जातो. त्या मार्गावर 1906 साली रूळ टाकले ते माणसांसाठी नव्हे, मुंबईचा कचरा वाहायला. प्रवासी गाड्या आल्या 1924 मध्ये. पुढे 1927 पासून देवनारच्या खाजणात कचरा पडू लागला.

कचऱ्यामुळे शेजारच्या घरांचे भाव पडतात, असं आपण म्हणतो. पण देवनारला भाव पडायला आधी घरं होती कुठं? कचरा आधी आला, वस्ती मागून. 1970 च्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवल्या आणि त्या माणसांना डंपिंगलगत शिवाजीनगरात आणून बसवलं. कारण जागा मोकळी होती, स्वस्त होती. स्वस्त का? तर शेजारी कचरा होता.

आता महालक्ष्मी बघा. तिथंही पालिकेचं कचरा हस्तांतरण केंद्र आहे, तरी रेसकोर्सच्या आसपास टॉवर उभे राहिलेच. तिथं कचरा एका गाडीतून दुसरीत जातो, मुक्काम करत नाही. मुक्काम वर्षानुवर्षं देवनारला. तेव्हा जागेचे भाव वाचताना एवढं विचारा: कचरा मुक्कामाला कुठं जातो, आणि त्याच्या शेजारी कुणाला बसवलं?