भरपाईच्या कलमाचा मागोवा

नगर जिल्ह्यातली एखादी पतसंस्था किंवा दूध संघ सभासदांची खाती क्लाउडवर ठेवायला निघाला, की कंपनीकडून लांबलचक तयार करार येतो. दर काय आणि सेवा बंद पडली तर सूट किती, एवढे वाचून सही होते. नुकसानभरपाईचे कलम मागच्या पानांत असते. तिसऱ्या कोणी दावा ठोकला तर वकिलाचा खर्च, तडजोडीची रक्कम आणि कोर्टाच्या हुकमाचे पैसे कोणी सोसायचे, हे तिथे ठरलेले असते. या कलमाची वंशावळ मोठी आहे आणि तिचा एक टप्पा याच जिल्ह्यातून गेला आहे.

पेशवाईत वाद पंचायतीपुढे गेला की निकाल पाळण्याबद्दल जामीनकतबा लिहून घेत. माणूस हजर करण्याची हमी हाजिरजामीन घेई, पैशाची मालजामीन. जामीन राहणारा सहसा ओळखीतला असे. आपण कोणासाठी आणि कशासाठी अडकतो आहोत हे त्याला माहीत असे. व्यापारात जोखमी हुंडी चाले. माल गलबतात चढवून व्यापारी हुंडी विकी. माल पोचला तरच तिचे पैसे मिळत. वाटेत बुडाला तर ठोकर हुंडी घेणाऱ्याला. पण त्या जोखमीचा मोबदला त्याने हुंडीच्या भावातच वळता केलेला असे. जोखीम घेणाऱ्याला तिचे पैसे मिळावेत, हा न्याय मला आजच्या बऱ्याच करारांपेक्षा सरळ वाटतो.

1872 च्या करार कायद्याने हे सगळे लेखी चौकटीत बसवले. जामिनकीत तीन पक्ष असतात: ऋणको, धनको आणि जामीनदार. भरपाईच्या करारात दोनच. कलम 124 प्रमाणे, वचन देणाऱ्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या वागण्याने झालेली हानी भरून देण्याचे ते वचन. कलम 125 ने त्यात दाव्याचा खर्च आणि तडजोडीची रक्कमही घातली.

कायदा लागू होऊन तीन वर्षे झाली नाहीत तोच 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध उठाव झाला. तो पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत पसरला. जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. सावकाराकडून खते मागून घ्यायची आणि जाळायची. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. चौकशी आयोग बसला आणि 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, आणि वाद झाल्यास कोर्टाने दस्तापाशी न थांबता मूळ देण्याघेण्याचा इतिहास तपासावा, असे त्यात होते. सही झाली म्हणजे संमती झालीच, हे गृहीतक इथल्या शेतकऱ्यांनी सरकारला सोडायला लावले. या वंशावळीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

पुढचा टप्पा मुंबईचा. गजानन परेळकर यांनी मोरेश्वर मंत्री यांच्या सांगण्यावरून, बांधकाम सामानाच्या देण्यापोटी आपला भूखंड गहाण टाकला होता. पुढे मंत्री यांनी ते देणे अंगावर घेतले, पण गहाण सोडवले नाही. तुझ्या खिशातून अजून एक पैसाही गेलेला नाही, मग दावा कसला, असा त्यांचा बचाव. 1942 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला यांनी तो फेटाळला. देणे पक्के झाले असेल तर आधी बुडून मग भरपाई मागायला जावे लागत नाही.

क्लाउडच्या करारात हीच कलमे येतात, पण दिशा पाहावी लागते. कंपनीची हमी बहुधा तिच्या सॉफ्टवेअरवर कॉपीराइट किंवा पेटंटचा दावा आला तर असते. तुम्ही साठवलेल्या माहितीवरून किंवा वापरावरून दावा आला, तर भरपाई तुम्ही द्यायची. माहिती फुटण्याचे नुकसान पुष्कळदा या हमीत बसतच नाही. आणि कंपनीची एकूण जबाबदारी अनेक तयार करारांत मागच्या बारा महिन्यांच्या शुल्काइतकीच असते. दुसरीकडे 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारी संस्थेवरच टाकली आहे, करारात काहीही लिहिलेले असो. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. वर्षाचे शुल्क काही लाख आणि टांगती तलवार कोटींची, असा हा सौदा आहे.

एकट्या पतसंस्थेचे मोठी कंपनी ऐकणार नाही, हे खरे. पण 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा एकेकटा ऊसकरीही कोणाच्या खिजगणतीत नव्हता. जिल्ह्यातल्या पतसंस्थांनी आणि दूध संघांनी एकच वकील नेमून एकत्र बोलणी करावीत आणि निदान तीन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात: कंपनीच्या चुकीने माहिती फुटल्यास भरपाई, तिला शुल्काहून बरीच मोठी मर्यादा, आणि आपण द्यायच्या भरपाईलाही तेवढीच मर्यादा. पुढच्या नूतनीकरणाची तारीख येण्याआधी हा विषय संचालक मंडळाच्या सभेत घ्या.