किरणोपचार चाचण्यांतील गुणवत्ता-निश्चिती

कर्करोगावरील वैद्यकीय चाचण्यांत प्रत्येक रुग्णाला ठरलेली किरणमात्रा नेमक्या जागी मिळावी, यासाठीची तपासणीव्यवस्था. तीत यंत्राचे मात्रामापन, गाठ व निरोगी अवयवांचे सीमांकन आणि उपचार-आराखडा पडताळतात. यांत चूक राहिल्यास दोन उपचारांमधील खरा फरक झाकला जातो. यंत्रतपासणीसाठी टपालाने टीएलडी मात्रामापक पाठवतात. त्यांतील स्फटिक तापवल्यावर शोषलेल्या मात्रेनुसार प्रकाश देतात. सांगितलेल्या व मोजलेल्या मात्रेत ±५ टक्क्यांपर्यंतचा फरक आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ग्राह्य धरते.  टाटा मेमोरियल सेंटरच्या ३०० रुग्णांवरील ‘पार्सर’ चाचणीत (प्रसिद्धी २०२१) प्रतिमा-मार्गदर्शित किरणोपचाराने आतड्यांचे उशिरा उद्भवणारे दुष्परिणाम सुमारे निम्म्यावर आले. अशा निष्कर्षांची विश्वासार्हता काटेकोर पडताळणीवरच उभी असते.