नाच्या कोणाला म्हणायचं?

आमच्याकडे नाचणाऱ्या पुरुषाला वर्षातले काही दिवस मान मिळतो आणि बाकीचे दिवस टोमणे. गणपतीत जाखडी उभी राहते. मध्ये शाहीर आणि ढोलकीवाला बसतात, भोवती गोल धरून बाप्ये नाचतात. पायात चाळ वाजत असतात आणि कोणाला त्यात वावगं दिसत नाही. पण त्याच घरातला दहा वर्षांचा मुलगा ‘मला डान्स क्लासला घाला’ म्हणाला, की लगेच एक शब्द येतो : नाच्या.

मी राजापूर तालुक्यातल्या नाटे गावची. यशवंतगड आणि मुसाकाजी बंदर ही आमची शेजारची ठिकाणं. गेली काही वर्षं मी गावातल्या मुलांचे स्नेहसंमेलनातले नाच बसवते. मुलग्यांच्या आया विचारतात, ‘त्याला कोणी हसणार नाही ना?’ मुलींच्या आया विचारतात, ‘शिकवायला बाई आहे ना?’ मागच्या वर्षी दोन मुलगे तालमीतून गळाले, ते ह्या शब्दामुळेच. ह्या दोन्ही प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे. तो कळला, तर क्लास कसा असावा हेही बऱ्यापैकी कळतं.

फडातलं पोर

‘नटरंग’ तुम्ही पाहिला असेल. २०१०चा सिनेमा, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यातला गुणा पैलवान असतो आणि फडाला नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. त्याची पुढे जी फरपट होते ती बघवत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गुणा मोठा माणूस आहे. निर्णय त्याने स्वतः घेतलेला आहे.

तमाशाच्या जुन्या फडांत तसं नव्हतं. बायका बोर्डावर येण्याआधी स्त्रीचं सोंग घेऊन लावणीवर नाचायचं काम ‘नाच्या पोऱ्या’ करायचा. पोऱ्या म्हणजे खरोखरच पोर. कोवळा चेहरा, न फुटलेला आवाज आणि बहुतेक वेळा घरची गरिबी. फडाबरोबर गावोगाव फिरायचं, रात्रभर नाचायचं, समोर फेटे उडवणारे, दौलतजादा करणारे पुरुष. मिसरूड फुटलं की त्याची जागा दुसरं पोर घेणार. त्याला ‘तुला हे करायचंय का?’ असं विचारायची पद्धतच नव्हती.

पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या. तमाशातली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. बायका आल्या, तशी पोरांची गरज कमी झाली. शब्द मात्र राहिला. आणि कसा राहिला बघा : पोराला नाचवणाऱ्यांसाठी आपल्याकडे शिवी नाही. शिवी आहे ती नाचलेल्या पोरासाठी.

देवाच्या नावाने

मुलींची गोष्ट आमच्या कोकणाच्या आणखी जवळची आहे. इंग्रजांच्या काळातल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ‘भाविणीं’ची नोंद आहे. देवळाची झाडलोट, सारवण, देवावर चवरी ढाळणं ही त्यांची कामं. गाणं-नाचणं हे नायकिणींचं, कलावंतिणींचं. गोव्यात आणि दक्षिण कोकणात कलावंत घरातल्या मुली लहानपणापासून शिकायच्या. मुलगी लहान असतानाच ‘शेष’ नावाचा विधी करून तिचं देवाशी लग्न लावून द्यायचे. मग तिला दुसरं लग्न नाही आणि पोटापाण्यासाठी यजमान. तिच्या अंगात कला असायची, कष्ट असायचे. नव्हतं ते एवढंच : ‘नको’ म्हणायचा अधिकार.

१९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा झाला. त्यातल्या दोन गोष्टी मला आजही शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, मुलीची किंवा बाईची संमती असो वा नसो, तिला देवाला वाहणं बेकायदेशीर ठरलं. ‘तिचीच इच्छा होती’ ही पळवाट बंद झाली. दुसरी, शिक्षा विधी करणाऱ्यांना आणि त्यात भाग घेणाऱ्यांना होती. जिला वाहिलं, तिला त्या शिक्षेतून वगळलं होतं. दोष कोणाचा, हे कायद्याने नीट ओळखलं.

समाजाने तेवढं नीट ओळखलं नाही. ‘नाच म्हणजे त्या बायकांचं काम’ हे इतकं रुजलं, की घरंदाज म्हणवणाऱ्या घरांनी आपल्या मुलींना नाचापासून लांब ठेवलं. म्हणजे एकीला नाचायलाच लागायचं आणि दुसरीला नाचायची परवानगीच नव्हती. दोघींपैकी एकीलाही कोणी विचारलं नाही.

आई बरोबर असते तेव्हा

ह्या कोंडीतून वाट निघाली ती ‘क्लास’मुळे. ठरलेली वेळ, ठरलेली फी, शिकून झालं की घरी. आज ह्यात काही विशेष वाटत नाही. पण गुरूच्या घरी किंवा कंपनीच्या बिऱ्हाडात राहून शिकण्याच्या तुलनेत हा फार मोठा बदल होता.

त्याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. नर्तकी मेनका, म्हणजे लीला सोखी, ह्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली होती. दमयंती जोशी ही मुंबईची मराठी मुलगी. मेनकांना ती इतकी आवडली, की त्या तिला आपली मुलगी म्हणून वाढवायला निघाल्या. तिच्या आईने मुलगी देऊन टाकायला नकार दिला. शेवटी दोघींनी मिळून तिला वाढवायचं ठरलं. दमयंती लहान वयातच मेनकांच्या संचाबरोबर देशोदेशी फिरली, पुढे कथकमधलं मोठं नाव झाली आणि १९७० साली तिला पद्मश्री मिळाली. आईच्या त्या नकाराने तिचं काहीच अडलं नाही. मूल शिकायला पाठवणं आणि मूल देऊन टाकणं ह्यातला फरक त्या आईला कळला होता.

१९४७ साली रोहिणी भाटे ह्यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुली कथक शिकू लागल्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे लहान शहरांतही प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद अशी पायरी मिळाली. मान आला. पण मान आल्याबरोबर दारावर नवा पहारेकरी बसला : फी, शहर, ‘तयार’ शरीर आणि ‘हे आपल्यातलं नाही’ ही शंका.

तो पहारेकरी हटवणारेही झाले. सुलभा देशपांडे ह्यांच्या ‘चंद्रशाला’ने ‘दुर्गा झाली गौरी’ केलं, तेव्हा रंगमंच मुलांनी भरून गेला होता. मुंबईचे अस्ताद देबू कोलकात्यात आणि चेन्नईत कर्णबधिर मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिले. ऐकू न येणाऱ्याने ताल कसा धरायचा? मोजून, नजरेने, एकमेकांच्या हालचालीवरून. म्हणजे मुलाला क्लासच्या मापात बसवायचं नाही, क्लासने आपली रीत बदलायची.

आजचा बोर्ड

फड गेला, शेष गेला, पण मुलं मोठ्यांसाठी नाचतातच. फक्त बोर्डाच्या जागी आता स्क्रीन आहे. २०१९च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला टीव्ही वाहिन्यांना सांगावं लागलं, की डान्स रिॲलिटी शोमध्ये लहान मुलांकडून मोठ्यांचे सूचक हावभाव करून घेऊ नका. त्याआधी २०१७च्या बालमजुरी नियमांत बालकलाकारांसाठी मर्यादा आल्या होत्या : दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. नाच्या पोऱ्याच्या बाबतीत ह्यातलं एक जरी पाळलं असतं, तर?

आणि प्रतिष्ठा म्हणजे सुरक्षितता, असंही नाही. २०२३ मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्रसारख्या नामवंत संस्थेतल्या विद्यार्थ्यांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन आवारातच ठिय्या द्यावा लागला. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०१२पासून पोक्सो कायदा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं तो सांगतो. ‘क्लासचं नाव खराब होईल’ हे कारण त्यात बसत नाही.

आमच्या तालमीत मी आता चार गोष्टी ठरवल्या आहेत. दार उघडं असतं आणि कोणाचेही आई-बाबा कधीही येऊन बसू शकतात. हात-खांदा सरळ करायचा तर आधी स्वतःच्या अंगावर दाखवायचं, तरी नाही जमलं तर विचारून हात लावायचा. व्हिडिओ घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही. आणि एखादी स्टेप ‘मला नको’ म्हटलं, म्हणून कोणाला मागच्या रांगेत टाकायचं नाही. ही शेवटची पाळायला सगळ्यात अवघड. संमेलन जवळ आलं की मोठ्यांनाच घाई होते.

तुमच्या धाकट्या भावंडाला क्लासला घालणार असाल, तर फी विचारताना हेही विचारा : कपडे कुठे बदलायचे, बाहेरगावच्या कार्यक्रमाला बरोबर कोण येणार, तक्रार कोणाकडे करायची. उत्तर देताना शिकवणाऱ्याला राग आला, तर तेच उत्तर समजा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर त्या भावंडाला पाठ करून द्या. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आहे, आणि मूल स्वतः फोन करू शकतं.

बाकी ते दोन मुलगे. त्यांच्याशी मी बोलले आहे, त्यांच्या वर्गाशीही. नाच्या पोऱ्या कोण होता, हे मुलांना सांगितल्यावर वर्ग शांत झाला. एकाने विचारलं, ‘मग त्याला नाचवणाऱ्यांना काय म्हणायचे?’ मराठीत त्याला शब्द नाही, एवढंच मी सांगू शकले.