न्यूनहॅमच्या दोघी

मराठीच्या अभ्यासकांना दुर्गा भागवत परिचित आहेत. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला यांची ओळख मात्र बहुधा एका प्रसंगापुरती उरते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमलाबाईंना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा तो अटींवर मिळाला. येथेच कथा थांबते. पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयातून संशोधन करताना त्यांनी श्वसनक्रियेतील सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे दाखविले, १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली आणि कमला सोहोनी या नावाने मुंबईत नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला, हे सांगणारे थोडेच.

त्याच न्यूनहॅममध्ये १९३८ साली रोझलिंड फ्रँकलिन दाखल झाल्या. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी डीएनएचा अभ्यास केला. आर्द्रतेनुसार डीएनए दोन रूपे धारण करतो आणि त्यातील फॉस्फेट बाहेरच्या अंगास असतात, हे त्यांनी ओळखले. मे १९५२ मध्ये त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी घेतलेले ‘छायाचित्र ५१’ मॉरिस विल्किन्स यांनी जानेवारी १९५३ मध्ये जेम्स वॉटसन यांना दाखविले. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी दुपेडी रचना मांडली: बाहेर शर्करा-फॉस्फेटचा कणा, आत अ‍ॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन. एका पेडावरून दुसरा घडविता येतो, म्हणजे आनुवंशिकतेची नक्कल कशी होत असावी, याचा उलगडा या जोड्यांतच होता. त्याच अंकात फ्रँकलिन-गॉस्लिंग यांचाही लेख होता. फ्रँकलिन १९५८ मध्ये वारल्या. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना मिळाले.

१९६८ मध्ये वॉटसन यांचे ‘द डबल हेलिक्स’ प्रसिद्ध झाले. त्यात फ्रँकलिन ‘रोझी’ या तिरसट दुय्यम पात्राच्या रूपाने येतात. कादंबरी शिकविताना निवेदकाचा दृष्टिकोन तपासण्याची जी सवय आपण विद्यार्थ्यांना लावतो, ती येथेही उपयोगी पडावी. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. फ्रँकलिन यांना न्याय देऊ पाहणाऱ्या नंतरच्या कथांनीही त्यांना पुष्कळदा ‘छायाचित्र हिरावले गेलेली स्त्री’ एवढेच ठेवले. कमलाबाई ‘रामन यांनी नाकारलेली मुलगी’ राहिल्या. अन्याय खरा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. तथापि ज्या कामासाठी त्या दोघी झगडल्या, ते कामच कथेतून वगळले, तर आपणही निराळ्या वाटेने त्यांना दुय्यम पात्रेच करतो, असे आम्हांस वाटते.